बिब्बाही नैसर्गिकच!

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याच्या वासाने जाग आली नाही तर दिवाळी आली असे मला वाटतच नाही. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल. त्या वासात माझे माहेर, माझे बालपण आणि पाटावर बसवून खसाखसा अंग चोळणारी माझी आजी अशी सगळी एकदम भेटतात. तेव्हा फराळाचे ताट शेजारी घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांनी, मी आता उटण्यावर घसरणार, असा गैरसमज करून घेऊ नये. माझे भांडण आहे ते उटण्याच्या पुडीवर अलीकडे हिरव्या अक्षरांत जे छापलेले असते त्याच्याशी. ‘शंभर टक्के नैसर्गिक. केमिकल अजिबात नाही.’

या वाक्याने माझा चेहरा एकदा चांगला भाजून काढला. त्याबद्दल मी रडत बसले नसते; चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या चेहऱ्याची एवढी काय मातब्बरी! परंतु याच वाक्याने माझ्या वर्गातल्या चौदा वर्षांच्या एका मुलीचे जवळजवळ दीड वर्ष खाल्ले, आणि त्यात माझाही हात होता. म्हणून हे भांडण ऐन सणात उकरून काढते आहे.

मी कोण, हेही आधीच सांगून टाकते. मी मॅट्रिक झालेली बाई आहे. आमच्याकडे दहावीला जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. ‘मॅट्रिक बाईने वैद्यकावर कशाला बोलावे?’ असे कुणी विचारील, तर त्याला माझा उलट प्रश्न आहे. शेजारची बाई, मावसबहीण, पार्लरवाली, नवऱ्याच्या कचेरीतला शिपाई, इतके सगळे जण मुलीच्या मुरमांवर औषध सांगतात, तेव्हा त्यांचे प्रमाणपत्र कोण पाहतो? ती सगळी औषधे ‘नैसर्गिक’ असतात ना! मग सांगणाऱ्याला शिक्षण लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला शंका घेण्याची सोय उरत नाही.

माझ्या आजीच्या फडताळात एक पत्र्याची डबी असे. तिला मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. डबीत बिब्बे होते. बिब्बा झाडावर येतो. त्यात कुठल्या कारखान्याचे काही नाही. शंभर काय, एकशे एक टक्के नैसर्गिक! परीट त्याच्या काळ्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, त्या धुऊन जात नसत. तोच रस कातडीला लागला की फोड उठत. माझ्या धाकट्या काकांनी लहानपणी कुतूहलाने एक बिब्बा दगडाने ठेचला, तर आठ दिवस त्यांचे डोळे सुजून मिटले होते असे आजी सांगे. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडे. काजूच्या टरफलातले तेल बोटांची सालडी काढते; आणि नुकत्याच उतरवलेल्या आंब्याचा चीक ओठाला लागला की काय होते, ते ज्याने मे महिन्यात कोकण पाहिले आहे त्याला मी सांगायला नको. रुईचा चीक आहे, खाजकुयली आहे, धोतऱ्याचे बी आहे. आजीला हे सगळे ठाऊक होते. तिला निसर्गाचा धाक होता. कुठले पान कुठे लावायचे, किती लावायचे आणि कुणाला मुळीच लावायचे नाही, हे ती न विचारताही सांगे. आम्ही तिचा तो धाक टाकून दिला, आणि तिची डबी तेवढी विकायला काढली.

आता माझ्या चेहऱ्याची हकिकत. १९९५ साली, चौदाव्या वर्षी, मला पहिल्या पुटकुळ्या आल्या. आजीने सहाणेवर जायफळ उगाळून लावले. गुण आला की नाही ते आठवत नाही. मात्र दोन दिवसांनी कातडी लाल झालेली पाहून तिनेच ते बंद केले आणि म्हणाली, “तुझी कातडी नाजूक आहे गं बाई, तुला काही सोसायचं नाही.” एवढे निदान पुढे मला कुठल्याही बाटलीवर छापलेले आढळले नाही. वयाबरोबर पुटकुळ्या गेल्या असे वाटले होते. त्या चाळिशीनंतर परत आल्या. तारुण्यपीटिका हे नाव ज्याने ठेवले त्याला हा अनुभव नसावा. माझे तारुण्य गेले, पीटिका तेवढ्या राहिल्या.

नेमके त्याच सुमारास माझ्या कादंबरीचे प्रकाशन ठरले होते. व्यासपीठावर बसायचे, फोटो निघणार, म्हणून मीही इतर चार बायकांसारखी शहाणपण गुंडाळून ठेवून बाजारात गेले. प्रथम खोबरेल. कोकणातल्या मावशीने लाकडी घाण्याचे धाडले होते, ते रोज रात्री चेहऱ्यावर चोळले. दहा दिवसांत कपाळभर बारीक दाणे उठले. खोबरेल केसांना उत्तम, कोरड्या कातडीलाही कित्येकांना मानवते. पण ज्यांची रंध्रे मुळातच बुजतात त्यांच्या चेहऱ्यावर ते आणखी बूच बसवते. आमच्या शाळेत तेल चोपडून घट्ट दोन वेण्या घालणाऱ्या मुलींच्या नेमक्या कपाळाच्या कडेला पुटकुळ्या का दिसतात, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

मग कुणीतरी टी-ट्री तेल सुचवले. या झाडाचा आपल्या चहाशी काही संबंध नाही. ते ऑस्ट्रेलियातले झाड आहे. या तेलाबद्दल मी खोटे बोलणार नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर त्याची रीतसर परीक्षा झाली. एका गटाला पाच टक्के टी-ट्री तेलाचा लेप आणि दुसऱ्याला पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे डॉक्टरी औषध दिले. दोन्हींनी गुण आला. तेलाचा गुण सावकाश आला, पण त्याने त्रासही कमी झाला. मात्र ते पाच टक्के होते! माझ्या बाटलीत निव्वळ तेल होते, आणि ते मी कापसाच्या बोळ्याने तसेच फासले. त्यात ती बाटली वर्षभर स्वयंपाकघराच्या खिडकीत उघडझाप होत राहिलेली. असली सुगंधी तेले हवेने जुनी होतात तशी कातडीला अधिकच बाधतात, हे बाटलीवर कशाला लिहितील? तिसऱ्या दिवशी दोन्ही गाल सोलल्यासारखे झाले. विकणाऱ्या बाईंना फोन केला, तर त्या आनंदाने म्हणाल्या, “ताई, घाबरू नका, आतलं विष बाहेर पडतंय!”

वाचकहो, या उत्तराकडे जरा बारकाईने पाहा. बरे वाटले तर तो तेलाचा गुण, आणि बिघडले तर तोही तेलाचाच गुण. असे औषध कधी हरायचे कसे? डॉक्टरांची काही औषधेही आरंभी त्रास देतात, हे मला मागाहून कळले. पण तो त्रास किती आठवडे राहील आणि किती झाला तर थांबायचे, हे ते आधी सांगतात. विषाच्या या बाहेर पडण्याला मात्र तारीख नसते. प्रकाशनाच्या छायाचित्रात मी अध्यक्षांच्या खांद्यामागे उभी आहे, एवढे सांगून हा विषय सोडते.

आता त्या मुलीकडे वळते. तिचे नाव मी देणार नाही.

२०२३ सालच्या जूनमध्ये नववीचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात मी मुलींना घरून लहानसा आरसा आणायला सांगते आणि स्वतःचे चित्र काढायला लावते. चाळीस मुली, चाळीस चेहरे. नाके वाकडी, डोळे बशीएवढे. पण वर्गात हसू फार होते. या मुलीने आपले चित्र पाठीमागून काढले. दोन वेण्या, लाल फिती, गणवेशाची कॉलर. फितीची घडी इतकी सुरेख जमली होती की मी शाबासकी दिली. ती म्हणाली, “बाई, मला मागूनच जमतं.” मी मूर्ख बाई, दहापैकी नऊ गुण देऊन मोकळी झाले. तिने आरसा पिशवीतून काढलाच नव्हता, आणि उजव्या गालावरचा रुमाल तासभर खाली आला नव्हता, हे माझ्या ध्यानात घरी गेल्यावर आले. जिचा धंदाच बघण्याचा, तिची ही गत!

तिच्या आईला बोलावून घेतले. शिलाई मशीनवर घर चालवणारी, अबोल, नेटकी बाई. मुलीच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या होत्याच, शिवाय गालावर आणि हनुवटीवर तपकिरी चट्टे उमटले होते. आई अभिमानाने म्हणाली, “केमिकल काही म्हणून लावू दिलं नाही बघा, बाई. सगळं घरचं. बेसन, हळद आणि लिंबू, रोज सकाळी शाळेला यायच्या आधी. दोन महिने झाले.” आणि मग जरा लाजून, “तुमच्याच पुस्तकातलं आहे ते.”

होते खरे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायिकेला पाहायला पाहुणे यायचे असतात, आणि तिची आजी पंधरा दिवस तिला बेसन-हळद-लिंबाचा लेप लावते. मग तिचा चेहरा केतकीच्या पानासारखा होतो. ते प्रकरण मी एका संध्याकाळी लिहिले. असला लेप लावून कुणाचा चेहरा तसा झालेला मी पाहिला नव्हता. माझ्या आजीने माझे जायफळसुद्धा दोन दिवसांत थांबवले होते. पण कादंबरीतल्या आजीला थांबवायला कुणी नव्हते. लेखिकेला वाक्य छान वाटले होते.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला लिंबाचे गणित समजावले. पाठ्यपुस्तकात ज्याला सामू म्हणतात तो निरोगी कातडीचा पाचाच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा दोनाच्या आसपास. तीनाचाच तर फरक, असे मी म्हणाले. त्या हसल्या. सामूची एक पायरी म्हणजे दहापट. तीन पायऱ्या म्हणजे हजारपट आम्ल. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांत, विशेषतः सालीत, असे काही असते की ते अंगावर असताना ऊन लागले की कातडी भाजते आणि मागे काळे चट्टे ठेवते. पोर सकाळी लेप लावून उन्हातून दोन किलोमीटर चालत शाळेत येत होती. उलट टोकाचे उदाहरण आपल्या साध्या साबणाचे. त्याचा सामू नऊ-दहा. ‘घरी केलेला’ आणि ‘गुलाबपाकळ्या घातलेला’ असला तरी साबण तो साबण. मुरमे म्हणजे मळ, या समजुतीने मुली दिवसातून पाच वेळा तो घासतात, आणि कातडीवरचे जे थोडे संरक्षण असते तेही धुऊन टाकतात.

आईला मी म्हटले, लिंबू थांबवा आणि डॉक्टरकडे चला. तिने मान हलवली. पण डॉक्टर म्हणजे एक दिवसाचे काम बुडणार, आणि शेजारच्या गल्लीत एक बाई जडीबुटीचे क्रीम विकत होत्या. पांढरी लहान डबी, वर हिरवे पान छापलेले, बाकी अक्षर नाही. मीही पाठपुरावा केला नाही. सहामाही परीक्षा होत्या. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ! मुलगी वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसली. आईने मला घरचे लाडू पाठवले, आणि मी ते खाल्ले.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा तिचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा लाल होता. गालांवर बारीक लव वाढली होती, पुटकुळ्या पूर्वीच्या दुप्पट. क्रीम दोन दिवस लावले नाही तर आग होई. लावले की शांत होई. म्हणून ती लावतच राहिली होती, आता दिवसातून तीनदा.

या वेळी मी स्वतः दोघींना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. केसपेपर काढला, दोन तास बाकड्यावर बसलो. डॉक्टरांनी डबी हातात घेऊन वास घेतला, पोरीचा गाल पाहिला, आणि म्हणाले, “ही जडीबुटी माझ्या ओळखीची आहे.” त्यांच्या मते त्यात स्टेरॉइड मिसळलेले होते. स्टेरॉइडचे मलम काही विकारांत मोठे गुणकारी असते, पण डॉक्टरच्या नजरेखाली आणि थोडे दिवस. चेहऱ्यावर महिनोन्महिने फासले की कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते, आणि सोडू म्हटले तर सोडवत नाही. हे इतके वाढले आहे की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना या बिघाडाला वेगळे नाव द्यावे लागले. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत असा नियम केला. पण ज्या डबीवर नावच नाही तिला चिठ्ठी कोण मागणार? हिरवे पान हीच तिची चिठ्ठी.

आणि स्टेरॉइड परवडले म्हणावे, अशीही गोष्ट आहे. चेहरा उजळ करण्याच्या कित्येक अनामिक क्रीमांत पारा असतो. २०२३ च्या आरंभी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना असल्या क्रीमने इजा झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. त्याच सुमारास केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांना असेच रुग्ण एकापाठोपाठ आढळले. पारा कातडीतून आत जातो, आणि गाल उजळत असताना मूत्रपिंड खराब करीत असतो. पारासुद्धा जमिनीतूनच निघतो बरे. तोही नैसर्गिकच म्हणायचा.

त्या डबीवाल्या बाईंच्या दारात मी तणतणत गेले. मनात चार वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांची थोरली मुलगी दार उघडायला आली, आणि तिचे गाल तसेच लाल होते. ती वाक्ये तिथेच राहिली. क्रीम त्या घरी बनवीत नव्हत्या. शहरातून किलोवर आणून डब्या भरीत होत्या. ज्याने विकले त्याने ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून सांगितले, त्यांनी ते आम्हांला सांगितले. या साखळीत खोटे बोलणारा माणूस एकच असतो. बाकीच्या आम्ही सगळ्या विश्वासू बायका.

इथे माझे आयुर्वेदप्रेमी वाचक रागावले असतील. त्यांनी शांत व्हावे. ज्या शास्त्रात वैद्य नाडी पाहिल्यावाचून पुडी देत नाही, प्रकृती विचारतो, पथ्य सांगतो, त्या शास्त्राचे नाव एका बिननावाच्या डबीवर चिकटवणाऱ्यांवर त्यांनी माझ्याआधी रागावायला हवे होते. ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनाही माझे इतकेच म्हणणे आहे की सोने आपण कसोटीवर घासून घेतो. मग चेहऱ्याला लावायचे तेवढे न घासता का घ्यावे? पानाला मी तेच विचारीन जे गोळीला विचारते. किती लावायचे? किती दिवस? कुणाला चालत नाही? बिघडले तर काय करायचे? ज्याच्याकडे याची उत्तरे आहेत त्याचे औषध झाडाचे असो की कारखान्याचे, माझी तक्रार नाही.

आणि झाडाचे कुठले आणि कारखान्याचे कुठले, ही सीमा तरी कुठे धड आहे! डॉक्टरांनी त्या मुलीला कातडी जरा निवल्यावर ॲझेलेइक आम्लाचे मलम दिले. आईने नाव ऐकूनच हात मागे घेतला. “आम्ल? बाई, हे तर केमिकल!” गहू आणि जव यांत हा पदार्थ मुळातच असतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती माझ्याकडे पाहू लागली. मुरमांवरचे दुसरे नेहमीचे औषध सॅलिसिलिक आम्ल. त्याचे नावच मुळी एका झाडाच्या, विलोच्या, लॅटिन नावावरून पडले आहे. केमिकल, केमिकल म्हणून ज्याला आपण शिव्या देतो ते पुष्कळदा कुठल्याशा पानातलेच असते, फक्त मोजलेले. आणि निसर्ग, निसर्ग म्हणून ज्याची आरती करतो ते पुष्कळदा न मोजलेले रसायन असते. मोजणे हाच काय तो फरक.

डॉक्टरांनी आणखी जे सांगितले ते फार साधे होते, इतके साधे की कुणी त्याची जाहिरात करणार नाही. मुरमे घाणीने येत नाहीत, पोटातल्या ‘उष्णते’ने येत नाहीत, आणि मनातल्या वाईट विचारांनी तर नाहीच नाही. वयात येताना शरीरातले संप्रेरक वाढतात, कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राचे तोंड मेलेल्या पेशींनी बुजते, आत एक जिवाणू फोफावतो आणि सूज येते. किशोरवयातल्या दहांपैकी आठ-नऊ मुलामुलींना थोडेफार होतेच. पाळी अनियमित असेल तर मात्र तेही डॉक्टरांना सांगायचे. मूळ कधी तिथे असते. सौम्य, साबण नसलेल्या धुण्याने दिवसातून दोनदा तोंड धुवायचे, वास नसलेले साधे मॉइश्चरायझर लावायचे, उन्हापासून जपायचे, आणि औषध एकच, दोन-तीन महिने. नवे काही लावायचे तर आधी कानामागे थोडे लावून काही दिवस वाट पाहायची. फोडायचे नाही. बस्स. मलाही त्यांनी अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड लिहून दिले. पाच किंवा दहा टक्क्यांचे काम तेवढ्यातही बहुधा होते, आणि नाजूक कातडी कमी चिडते. त्याने माझ्या उशीच्या निळ्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले. ते पडणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते.

त्या मुलीला बरे वाटायला फार दिवस लागले. क्रीम सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे वाईट गेले. चेहरा इतका सुजला की ती शाळेत येईना. मी दुपारी तिच्या घरी जाऊन वह्या देत होते. आई मशीन चालवता चालवता विचारी, “बाई, ती डबी थोडी लावू का? निदान सूज तरी उतरेल.” ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे माझी नायिका उभी राही, केतकीच्या पानासारखी.

माझ्या लेखक भावंडांशी याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. आपण मराठी कादंबरीतल्या मुलींना आजवर काय काय दिले! बंडखोरी दिली, नोकरी दिली, क्वचित घटस्फोटही दिला. पण कुणी तिला एक पुटकुळी दिली नाही. गरिबीत वाढलेली, विहिरीवर पाणी ओढणारी, चुलीपुढे बसणारी आपली नायिका, तिचा चेहरा मात्र तुकतुकीत. आपल्या पुस्तकांत मुरमे असतात ती खलपुरुषाला, किंवा विनोदी कारकुनाला. चौदा वर्षांची मुलगी हे वाचते. जिच्या तोंडावर डाग आहेत तिची गोष्ट होत नसते, एवढे तिला त्यातून कळते. मग ती गोष्टीत शिरण्यासाठी मिळेल ती डबी उघडते. डबी विकणाऱ्याने ‘नैसर्गिक’ हा शब्द शोधून काढला असेल, पण तुकतुकीत चेहऱ्याची हाव आपण लावली. मी लावली. त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तर ते प्रकरण बदलून घ्यायचे, असे मी प्रकाशकांना कळवले आहे. ते म्हणतात, वाचकांना तेच प्रकरण फार आवडते.

ती मुलगी पुढे दहावीत गेली. उजव्या गालावर चार-पाच खड्डे राहिले आहेत. डॉक्टर म्हणतात, ते पुरते जायचे नाहीत. चट्टे बरेचसे फिके झाले. नव्या वर्गात मी पुन्हा आरसे आणायला सांगितले तेव्हा तिने आणला, आणि चित्र समोरून काढले. गालापाशी पेन्सिल थांबली. “बाई, हे दाखवायचे का?” मी म्हटले, तुला दिसतात तर दाखव. तिने पेन्सिलीची चार टिंबे दिली, जरा हलकीच, आणि मग पुष्कळ वेळ वेणीच्या फितीवर घालवला.

परवा तिची आई दारात आली होती. दिवाळीसाठी ती दरवर्षी घरी उटणे कुटते आणि ओळखीच्या घरी पाव-पाव किलो देते. या खेपेला पिशवी हातात घट्ट धरून विचारत होती, “बाई, द्यायचं की नको?” मी म्हटले, द्या की, त्यावाचून दिवाळी कसली? घरात उटणे लावायला मी आणि माझी सासू, दोघीच आहोत. हातापायांना, पाठीला भरपूर लावू. तोंडाला मात्र कुणीच लावायचे नाही. तिने वर्तमानपत्राच्या पुडीत उटणे बांधले, आणि माझे लाल पेन मागून घेऊन पुडीवर ठळक अक्षरांत लिहिले: फक्त अंगासाठी.